चेअरमनचा ऊस

मॅनेजर होऊन आठवडा झाला नव्हता, तोच बद्रीनाथने पाण्याचा पहिला वाल बंद केला, आणि तो सख्ख्या थोरल्या भावाच्या उसाचा.

सुंदरराव बांधावरच उभे होते. सरीतलं पाणी बारीक होत गेलं आणि थांबलं. बद्रीनाथने वालाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

सुंदरराव गावच्या उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन. तलावावर सोसायटीची मोटर, तिथून शेतांपर्यंत पाइप आणि प्रत्येकाच्या शेताला एक वाल. शहाऐंशीचा उन्हाळा तोंडावर आला होता. तलावात उरलेलं पाणी उसाला दिलं असतं, तर पावसापर्यंत माणसांना आणि जनावरांना प्यायला थेंब राहिला नसता. हे बागायतदारांना कळत होतं. फक्त आपला सोडून बाकीच्यांचा वाल बंद व्हावा, असं प्रत्येकाला वाटत होतं.

बद्रीनाथ मॅट्रिक झाला आणि गाव सोडून गेला होता. नौदलात खलाशी म्हणून लागला आणि अधिकारी होऊन बाहेर पडला. मग कोकणातल्या एका लहान बंदराचा व्यवस्थापक झाला. तिथे रोज कुणी ना कुणी माझं जहाज आधी धक्क्याला घ्या म्हणून दारात बसलेलं असे. तो आधी ऐकून घ्यायचा, चहा पाजायचा आणि नंबराप्रमाणेच घ्यायचा. आवाज चढवायची त्याला कधी गरज पडली नाही. निवृत्त झाला, बायको गेली, तरी तो तिथेच दोन खोल्यांत राहत होता. समुद्र सोडून कुठे करमत नाही म्हणायचा.

त्याला मॅनेजर म्हणून आणायचं चेअरमननेच सुचवलं, तेव्हा बागायतदार खूश झाले. भाऊ भावाचं पाणी थोडंच तोडणार, आणि चेअरमनचा ऊस हिरवा राहिला की आपलाही राहील, असं राधाकिशन सगळ्यांना सांगत फिरला. पन्नास एकराचा धनी, सोसायटीचा संचालक. बद्रीनाथच्या स्वागताला त्यानेच हार आणला होता.

आता तोही बांधावर उभा होता. सुंदरराव खाली उतरले.

"बद्री, कुणाला इचारून केलं हे?"

"मॅनेजर मी हाय, दादा."

"मग आजपासून माझा उंबरा चढायचा न्हाई."

"बरं," बद्रीनाथ म्हणाला, आणि राधाकिशनच्या वालाकडे वळला. चेअरमनचाच बंद झाल्यावर राधाकिशन काय बोलणार होता?

संध्याकाळी बद्रीनाथची ट्रंक सोसायटीच्या गोदामात गेली.

सुंदररावांच्या बायकोला, विमलबाईंना, हे फार लागलं. त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा बद्रीनाथ चड्डीत होता. त्याला त्यांनी हाताने भाकरी भरवली होती. पण ऊस वाळत गेला तसा त्यांना त्याचाही राग येऊ लागला. ऊस पिवळा पडला, मग पांढरा, आणि शेवटी त्यात जनावरं सोडावी लागली. लेकीचं, गीताचं लग्न पुढच्या वर्षावर गेलं. तरी तव्यावर दोन भाकरी जास्त पडतच होत्या. तलावाकडे मेंढरं नेणारा सिदू त्या फडक्यात बांधून गोदामात पोचवायचा. एकदा सुंदररावांनी ते फडकं पाहिलं. ते तसेच पाय धुवायला गेले.

शेजारच्या वडवणीत, सिरसाळ्यात लोक टँकरची वाट बघत होते. इथला तलाव खाली गेला, पण आटला नाही. लांबून धनगरांचे कळप यायचे. बद्रीनाथ त्यांना पाळी लावून पाणी दाखवायचा.

वैशाखात राधाकिशनने गड्यांकरवी आपल्या वालाचं कुलूप तोडलं. बद्रीनाथ आला आणि भर उन्हात वालावरच बसून राहिला. गडी कुऱ्हाड खांद्यावर घेऊन घुटमळले. एवढ्यात सुंदररावांची जीप आली. आता भावाला उठवतात, असं सगळ्यांना वाटलं.

"माझा वाळला, राधाकिशन," सुंदरराव म्हणाले. "तुझा कसा हिरवा ऱ्हातो, बघतो मी." भावाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

लोक म्हणाले, हा जळफळाट. सोसायटीच्या बैठकीत मॅनेजरला काढायचा ठराव आला, तेव्हा भावाला सगळ्यात वाईट बोलले ते सुंदररावच. पण कागद त्यांनी मांडीखाली घातला. भाऊ माझा, अब्रू माझी गेली, तवा काढायचा तर मीच काढीन, म्हणाले. ठराव तिथेच राहिला.

आषाढात तलाव भरला, वाल उघडले, आणि सुंदररावांनी भावाला कामावरून काढलं.

तेलगावच्या स्टँडवर विमलबाई शिदोरी घेऊन गेल्या. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. बद्रीनाथ ट्रंकेवर बसला होता, केस आणखी पिकलेले.

"भावजी, राग न्हाई धरत मी," त्या म्हणाल्या. "पर आमच्यापासूनच कशापायी सुरू केलं? पोरीचं लगीन ऱ्हायलं. तुमचा भाऊ तुटला तुमच्यापासून."

गाडी आली. त्याने ट्रंक टपावर चढवली, खाली उतरला आणि वहिनीच्या पाया पडला.

"मी येतच न्हवतो, वहिनी. दादा बंदरावर येऊन बसला. म्हणला, पहिला माझा वाल बंद कर, मी तुला चारचौघांत घराबाहेर काढतो. मग बाकीच्यांची न्हाई म्हणायची टाप न्हाई."