पलीकडचा

नरहरनं वेढा आवळला, तेवढ्यात पडद्याच्या खालच्या चौकटीत अक्षरं उमटली. ‘आपके यहाँ आज बिजली बहुत गई क्या?’

त्याचे हात कीबोर्डवरच थांबले.

समोरचा गडी लाहोरचा होता. नाव त्यानं ‘लाहोरी’ एवढंच घेतलं होतं. जुन्या साम्राज्यांच्या लढायांचा तो खेळ इंटरनेटवरून दोघांनी खेळायचा. नरहर रोमचा सेनापती, लाहोरी इराणचा. आळीपाळीनं चाल करायची आणि खाली गप्पा मारायच्या. बियाणे कंपनीतलं ऑफिस सुटलं की नवीन जालन्यात स्टेशनजवळ धर्मराजच्या सायबर कॅफेत नरहर येऊन बसायचा.

पण २००२चा जानेवारी होता. संसदेवरच्या हल्ल्याला महिना उलटला होता आणि दोन्ही फौजा सरहद्दीवर समोरासमोर उभ्या होत्या. जालन्यातली वीज गेली, हे लाहोरात बसलेल्या माणसाला कसं कळलं?

‘तुम्हें किसने बताया?’ नरहरनं विचारलं.

उत्तराला जरा वेळ लागला. ‘आप देर से आए, इसलिए पूछा.’

उत्तर बराबर होतं. जरा जास्तच बराबर होतं.

त्या दिवसापासून नरहर तोलून-मापून लिहू लागला. कंपनीचं नाव नाही, घराचा पत्ता नाही. खेळ सोडावा असंही त्याच्या मनात यायचं. पण दिवसभर हापिसात कोणी दोन शब्द धड बोलत नसे, आणि हा माणूस हरला तरी हसून ‘वाह, जनाब’ लिहायचा.

दुसरी धास्ती कॅफेतच होती. तोंडाला उपरणं गुंडाळलेला एक माणूस हल्ली तिथं दिसायचा. एकदा तो थेट नरहरच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. ‘कोणता गेम हाय, साहेब?’ त्यानं विचारलं होतं. नरहरनं नाकाला रुमाल लावून पाठ फिरवली होती. तेव्हा त्याला तो नुसता मळकट वाटला होता. आता वाटत होतं, हा सीआयडीचा तर नसेल? पाकिस्तानशी रोज कोण बोलतं, याची नोंद कुठंतरी होत असणारच.

एके दिवशी लाहोरीनं खूप वेळ चाल केली नाही. मग लिहिलं, ‘माफ करना. आज साँस नहीं चल रही.’

तो रुईच्या कारखान्यात कामाला होता. सुटी संपवून कामावर गेलं की छाती आवळायची. कारखान्यात धूळ ओढून घेणारा पंखा नव्हता. मालकाला सांगितलं तर तो कामावरून काढेल, आणि लोक तर टीबीच समजत होते.

‘पास का आदमी मुँह फेर लेता है,’ त्यानं लिहिलं. ‘दूर का बात करता है.’

नरहर घरी आला. बायको शरयू डॉक्टर होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

‘लाहोरच्या माणसाची छाती?’ ती म्हणाली. ‘अहो, तुम्हाला नोकरी करायची आहे ना?’

‘तू फक्त सांग, काय असेल.’

‘रुईच्या धुळीनं असं होतं. धुळीपासून सुटला तर आराम पडेल. पण छातीचा फोटो काढायला सांगा. टीबी नाही, हे एकदा कागदावर आलं म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. औषध मी लिहून देते.’

दुसऱ्या दिवशी कॅफेत नरहरनं ते सगळं लाहोरीला लिहिलं. पुढं लिहिलं, ‘मेरी बीवी डॉक्टर है, उसकी बात मानो. तुम यहाँ होते तो तुम्हारे साथ एक टेबल पर बैठकर चाय पीता.’

मग एकच शब्द आला. ‘सच?’

‘बिलकुल.’

निघताना दाराशी तोच उपरणंवाला उभा होता. तो नरहरकडे एकटक पाहत होता. एक पाऊल पुढंही आला. तो उलट फिरून धर्मराजच्या टेबलाशी गेला.

‘हा माणूस माझ्यावर नजर ठेवतो. याला येऊ देणार असशील तर मी येणार नाही.’

‘टेन्शन घेऊ नका, साहेब,’ धर्मराज म्हणाला. ‘इतके दिवस येऊन राह्यला, मला बी कुठं माहीत कोण हाय ते? काढून टाकतो त्याला.’

खबरदारी म्हणून नरहरही कितीतरी दिवस तिकडं फिरकला नाही. पुन्हा गेला तेव्हा उपरणंवाला नव्हता, पण लाहोरीही नव्हता. इराणची फौज जागच्या जागी उभी होती. टीव्हीवर रोज रणगाडे दिसत होते. तिकडच्यांनी त्याला पकडलं असेल का, असं नरहरला वाटलं. की तो खरंच हेर होता आणि काम संपल्यावर निघून गेला?

‘त्यानं फोटो काढला का?’ शरयू अधूनमधून विचारायची. नरहर पेपर वाचत असल्यासारखं करायचा.

मार्च सरत आला तेव्हा कंपनीनं त्याला सरकीचे नमुने आणायला कापसाच्या एका जिनिंगमध्ये पाठवलं. आत रुईचा धुरळा इतका होता की पलीकडची भिंत दिसत नव्हती. मुनीमानं हाक मारली, ‘बद्रीनाथ, साहेबांना नमुने दाखव.’

ढिगाआडून उपरणं गुंडाळलेला माणूस पुढं आला. नरहर दचकला.

‘तू इथंही आलास?’ त्याचा आवाज चढला. ‘कोणाचा माणूस आहेस तू? माझ्या मागं का लागलास?’

‘मी इथंच कामाला हाय, साहेब. जवळच्या टेंभुर्णीचा हाय,’ तो म्हणाला. त्यानं सरकीचं पोतं खाली ठेवलं, उपरणं हनुवटीखाली ओढलं आणि श्वास जमवत हळूच म्हणाला, ‘डॉक्टरबाईंना सांगा, छातीचा फोटो काढला. टीबी न्हाई निघाला.’