पाचवा श्वास

थंडाव्याचा सूट घातलेल्या मेकॅनिकने जुन्या एसीचं झाकण काढलं आणि मान हलवली. "कॉम्प्रेसर गेलाय, साहेब. ठोकठाक करून चालवतो, पण संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. नवा एसी गाडीतच आहे."

प्रफुल्ल खाटेवर टेकला. खिडकीबाहेर चंद्रपूर पांढरंफटक पडलं होतं. सुटाशिवाय दुपारी बाहेर पडलेलं माणूस गल्लीच्या टोकापर्यंतही पोचत नसे. घरातही पारा चढत होता. धाकटी ओवी फरशीवर निपचित पडली होती आणि तिची आई तिला ओल्या फडक्याने पुसत होती.

नवे एसी श्वास मोजत. रेशनकार्डावर नावं असतील तितकेच श्वास. एक जरी जास्त झाला की थंडावा बंद. कार्डावर चौघं होती, नवरा-बायको आणि दोन मुलं. पाचवी म्हणजे प्रफुल्लची आत्या, गाव ओस पडल्यावर भाच्याकडे आलेली. जुन्या एसीला मोजता येत नव्हतं, म्हणून ती जिवंत होती.

"नवाच बसवा," आत्या म्हणाली. डोक्यावर पदर घेऊन तिने चपला घातल्या. कुणी अडवलं नाही.

"जाते मी."

रात्री पाणी भरायला निघतानासुद्धा या घरात 'येते' म्हणायची रीत होती.

"आत्याआजी, येते म्हण ना," ओवी पुटपुटली.

आत्याने तोंड उघडलं, पण तिला खोटं बोलता येईना.

प्रफुल्लने उठून दाराला कडी घातली.

"जुनाच दुरुस्त करा."

"साहेब, तो संध्याकाळपर्यंतसुद्धा..."

"तेवढाच करा."