पाचोळा घालणारे हात

अंगणातल्या चिकूच्या झाडाचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि नानांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मुळांशी पुरलेल्या यंत्रानं झाडाचं म्हणणं नेहमीसारखं मराठीत उतरवलं होतं: "माती फार तापते. पाचोळा घालणारे हात कुठे आहेत?"

ते हात नानांच्या बायकोचे, कुमुदचे होते. ती गेली, हे झाडाला कोणत्या शब्दांत सांगावं ते नानांना सुचेना. लिहायचे आणि फाडायचे.

"नाना, चिकूला लिहायलाही भिता?" कुंपणापलीकडून शेजारची तारामती म्हणाली. "तो काय शुद्धलेखन तपासणार आहे?"

"तिच्यासारखं झाडाचं करायला जमेल का गं मला?"

"नाही जमणार. पण घाला पाचोळा. झाड वाळतंय."

नानांनी आळ्यात पाचोळा पसरला. कुमुद सोडायची तशी बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवली. तिथल्या मातीवर त्यांनी हात टेकवले. तिचे हात इथेच टेकत असत.

मग त्यांनी लिहिलं, "ती आता येणार नाही. हे हात माझे आहेत. चालतील का?"

आणि या वेळी न फाडता त्यांनी ते बुंध्यावरच्या, यंत्राला जोडलेल्या पत्रपेटीत टाकलं.