गिळलेल्या ओळी

न्हाणीघरात तांब्या पडला आणि दुपारची शांतता मोडली. सून धावली. दाराला आतून कडी.

“बाबा?”

“काही नाही गं. निसटला हातातून.”

आत कपडा चोळल्याचा आवाज चालूच होता. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या सासऱ्यांनी घरात कधी स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. प्रोस्टेटच्या गाठीची तपासणी करून आल्यापासून मात्र तीन दिवस पायजमा स्वतःच धूत होते. तिला दिसत होतं. तिनं विचारलं नव्हतं.

कडी निघाली. हातात पिळलेला पायजमा, त्यावर न गेलेला तांबूस डाग. दातावर दात आपटत होते. तिनं कोपराला धरलं, तर अंग तव्यासारखं तापलेलं.

“कधीपासून?”

“ताप सकाळपासून. लाल जातंय ते परवापासून. असल्या जागचं दुखणं, सुनेला काय सांगायचं?” ते कसनुसे हसले. “सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून बारा सुया टोचल्या. मी बटणालासुद्धा इतके टाके घालत नाही. वर म्हणतात, नेमकी गाठ हुकली असेल तर पुन्हा टोचू.”

तिनं त्यांना पलंगावर निजवलं, दोन पांघरुणं घातली, दवाखान्यात फोन लावला.

“थंडी वाजून ताप? आत्ताच्या आत्ता घेऊन या,” नर्स म्हणाली. “रक्तात जंतू गेले तर जिवावर बेततं. घरी जाताना दिलेल्या कागदावर लिहिलंय की सगळं. वाचला नाहीत?”

“वाचला,” ती म्हणाली.

वाचला होताच. सासऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून याच पलंगापाशी बसून मोठ्यानं. ‘सुईच्या जागी थोडं दुखेल’ इथवर ठीक चाललं होतं. पुढच्या ओळीत लघवी, वीर्य, रक्त असे शब्द एकापाठोपाठ दिसले आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाच ओळी गिळून ती थेट ‘भरपूर पाणी प्या’वर उतरली. उरलेलं नंतर एकटीनं वाचू म्हणून कागद फळीवर ठेवला, तो तिथंच राहिला.

“कागदात होतं, बाबा,” ती खाली बघत म्हणाली. “ताप आला तर लगेच या, असं.”

“असेल. मीच नीट ऐकलं नसेल,” सासरे म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

तिनं गाडी बोलावली. फाइल काढताना कागद खाली पडला. नुकती वाचायला शिकलेली लेक तो घेऊन फरशीवर बसली. आईनं कागद वाचला त्या दिवशीही ती तिच्या मांडीवर बसून ऐकत होती. आता एकेक अक्षरावर बोट ठेवत तिनं वाचलं, “थं-डी वा-जून ता-प आ-ल्यास...”

बोट थांबलं. तिनं मान वर केली.

“आई, तू वाचलंस तेव्हा ही ओळ कुठं होती?”