नुसत्या डोळ्यांवरून

दुन्या सरकारविरोधी मोर्चाला गेली होती ती नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ वुकाशिन तिला “खा पटकन, क्रांतिवीर!” असं चिडवत न्याहारीला बुरेक वाढत होता, तेवढ्यात पोलीस तिला पकडायला दारात आले.

“तिचा चेहरा झाकलेला होता. ओळखलंत कसं?” वुकाशिनने विचारलं.

“अहो, इंटरनेटवर एक फुकटचा प्रोग्रॅम मिळतो. नुसत्या डोळ्यांवरून माणूस शोधतो,” त्यांच्यातला एक जण कौतुकाने म्हणाला. “ज्याने केलाय, त्याचं भलं होवो!”

दुन्याने भावाकडे पाहिलं आणि ती पोलिसांच्या गाडीत जाऊन बसली.


तो प्रोग्रॅम वुकाशिननेच लिहून जगाला वाटला होता, आणि त्याला डोळे ओळखायला शिकवताना कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास हौसेने बसली होती ती दुन्याच.