बिनकॅमेऱ्याचं दुकान

बाजारातल्या दुकानदारांनी एकी करून एका भुरट्या चोराच्या नाकी नऊ आणले होते. त्याने कुठल्याही दुकानात पाऊल टाकलं, की सगळ्यांचे फोन एकदम वाजायचे. शेवटी तो बाजारात फिरकेनासा झाला. त्यामुळे नव्याने उघडलेलं बुटांचं दुकान पाहून संघटनेचा सेक्रेटरी, म्हणजे चष्मेवाला, हबकलाच. माल थेट फुटपाथवर मांडलेला, कॅमेऱ्याचा पत्ता नाही आणि मालकीणबाई रस्त्याकडे पाठ करून निवांत बसलेल्या.

"अहो काकू, चोराला आमंत्रण देताय का?"

"आमंत्रण देऊन कोण येतंय हल्ली?" काकू म्हणाल्या.

चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला. तुमच्या एकटीच्या पायी आमची सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल, असं सुनावून त्याने चोराचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "हे थोबाड नीट बघून ठेवा. दिसला, की लगेच ग्रुपवर टाकायचं."

काकूंनी फोटो घेतला, पदराने पुसला आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"माझ्या हातचं जेवत होता, तेव्हा एवढा वाळला नव्हता हो."