वाटीतले चिंचोके

चौदावा प्रश्न संपला तरी वाटी रिकामीच होती.

हृदयविभागात तपासणीला येणाऱ्यांच्या मनाची अवस्था नोंदवणे हे प्रमोदिनीचे काम. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तिने चिंचोके ठेवले होते. प्रश्न ऐकायचा आणि वाटीत टाकायचे. कधीच नाही तर एकही नाही, रोज असेल तर चार.

कन्नडहून पहिल्या एसटीने आलेल्या बन्सीची बायपास होऊन सहा आठवडे झाले होते. उदास वाटतं का, मनातलं सांगायला जड जातं का, रडू येतं का. प्रत्येक वेळी तो "नाय" म्हणाला. हात मांडीवरून हलला नाही.

प्रमोदिनीने चौदा शून्ये लिहिली. "काका, झालं. तुम्हाला समुपदेशनाला यायची गरज नाही. फाईल बंद करते."

"बंद?" शेजारी बसलेली त्याची बायको दगडाबाई पुढे सरकली. "अवो बाई, परवा वासरू मेलं दारात. हे नुसते बघत बसले. दगड माझं नाव हाय, यांचं नाय."

"मावशी, उत्तर त्यांचंच लागतं. तुमचं लिहिता येत नाही मला."

"नका लिहू. ते रडायचं परत विचारा तेवढं."

प्रमोदिनीने बन्सीकडे बघून परत विचारले.

दगडाबाईने एकेक करत चार चिंचोके वाटीत टाकले. "मोरीत जातात. नळ सोडतात. बादली भरून वाहती तरी नळ चालूच. यांना वाटतं, मला पाण्याचाच आवाज येतो."

बन्सीने बायकोकडे पाहिले. मग वाटीकडे. चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. दाराशी सिस्टरने पुढचे नाव पुकारले.

प्रमोदिनी फाईल मिटू लागली. तेव्हा बन्सीचा हात मांडीवरून उठला. वाटीत बोटे घालून त्याने एक चिंचोका बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"रोज नाय," तो म्हणाला.

प्रमोदिनीने शून्य खोडले. वाटीत तीन होते.